पॅकिंग लाइनवरून मेंटेनन्सकडे जायचंय, क्लास लावू का?

«काका, नमस्कार. मी सिन्नर तालुक्यातली, वय २१. आयटीआयला वीजतंत्री ट्रेड केला, दोन्ही वर्षं चांगल्या मार्कांनी पास झाले. घरी पैशांची लगेच गरज होती म्हणून अ‍ॅप्रेंटिसशिप केली नाही. दीड वर्षापासून एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंत्राटदारामार्फत पॅकिंगला आहे, हातात साडेबारा हजार येतात. मेंटेनन्समध्ये घ्याल का विचारलं, तर "पीएलसी येतं का?" एवढंच म्हणाले. नाशिकच्या एका क्लासमध्ये तीन महिन्यांचा ऑटोमेशनचा कोर्स आहे. पीएलसी, स्काडा, एचएमआय, ड्राइव्ह सगळं शिकवतात आणि शंभर टक्के प्लेसमेंट सांगतात. फी ६८ हजार. आई बचत गटातून कर्ज काढायला तयार आहे. घरी लॅपटॉप नाही, मोबाईल आहे. शिक्षण मराठीत झालंय, इंग्रजी पुस्तक वाचताना अडखळते. क्लास लावू का? की दुसरा काही मार्ग आहे? – एक वीजतंत्री, सिन्नर»

बाळ, आत्ता हा क्लास लावू नकोस. ६८ हजार म्हणजे तुझा साडेपाच महिन्यांचा पूर्ण पगार, आणि कर्ज आईच्या नावावर. बचत गटाचा हप्ता चुकला तर बाकीच्या बायकांसमोर मान खाली घालावी लागते ती तुझ्या आईला, क्लासवाल्याला नाही. तू कधीच पैसे देऊन काही शिकू नयेस असं मी म्हणत नाही. त्याची वेळ येईल, ती कधी ते पुढे सांगतो.

आधी त्या "पीएलसी येतं का?" या प्रश्नाकडे बघू. पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे मशीन चालवणारा छोटा संगणक. मी तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आणि हा प्रश्न स्वतः कित्येक मुलांना विचारलाय. विचारणाऱ्याला त्यातून जाणून घ्यायचं असतं ते असं : रात्री अडीच वाजता लाइन थांबली, सुपरवायझर डोक्यावर उभा आहे, तर ही मुलगी पॅनेलसमोर उभी राहून लाइन का थांबली ते शोधेल का? प्रोग्रॅम लिहिणं हा त्यातला अगदी छोटा भाग. बहुतेक कंपन्यांत मशीन बनवणारा प्रोग्रॅम लिहून देतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावत नाही.

भोसरीला असताना एका रात्री आमचा कन्व्हेअर अडला. नवीन इंजिनिअर लॅपटॉप लावून प्रोग्रॅम चाळत बसला. चांगला हुशार मुलगा होता, एकेक ओळ तपासत होता. पाऊण तास गेला. मग आमचा एक जुना वीजतंत्री कन्व्हेअरच्या कडेने नुसता चालत गेला आणि एका प्रॉक्सीपाशी, म्हणजे समोर धातू आला की ओळखणाऱ्या सेन्सरपाशी, थांबला. समोर जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, नव्हता, तरी तिचा पिवळा दिवा लागलेला होता. त्याने फडक्याने तिचं तोंड पुसलं. लोखंडाची एक बारीक चिप चिकटली होती, ती पडली, दिवा गेला आणि कन्व्हेअर चालू झाला. पीएलसीला वाटत होतं की जॉब अजून तिथेच आहे, म्हणून तो पुढचा जॉब सोडत नव्हता. बिचारा सांगितलेलं काम बरोबर करत होता. माझ्या अनुभवात मशीन थांबण्याची बहुतेक कारणं पीएलसीच्या बाहेरच सापडतात. सेन्सर सरकलेला असतो, वायर तुटलेली असते, कनेक्टर सैल झालेला असतो, हवेचा दाब कमी पडलेला असतो, नाहीतर कॉन्टॅक्टरचे, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळालेले असतात. हे सगळं वीजतंत्र्याचं काम आहे, म्हणजे तुझं.

आता तू उभी असतेस त्या पॅकिंग मशीनकडे बघ. तुझ्या लाइनला श्रिंक टनेल, म्हणजे प्लॅस्टिक गरम करून मालावर घट्ट बसवणारं मशीन, असेल, निदान खोके चिकटवायचं मशीन तरी असेलच. टनेलमध्ये हीटर आहे. आतली गरमी थर्मोकपल मोजतो, टेंपरेचर कंट्रोलर ती वाचतो आणि एसएसआर या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत हीटर चालू-बंद करतो. खोकं आलं की फोटो सेन्सरचा दिवा लागतो, पीएलसीचा एक इनपुट जागा होतो, हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह "टक्" करतो, सिलिंडर पुढे जातो आणि सिलिंडरवरचा रीड स्विच पीएलसीला कळवतो की मी पोहोचलो. पट्ट्याचा वेग ड्राइव्ह ठरवतो. ज्याला ऑटोमेशन म्हणतात ते दिवसाचे आठ तास तुझ्या हातभर अंतरावर चाललेलं असतं. क्लासमधल्या किटवर याहून वेगळं काही नसतं. उलट तिथे मशीन कधी बिघडत नाही, आणि बिघाड बघितल्याशिवाय हे काम येत नाही.

म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. एक शंभर पानी वही घे आणि लाइन थांबली की लिही : तारीख, वेळ, कोणतं मशीन, थांबलं तेव्हा कोणते दिवे लागलेले होते, स्क्रीनवर काय अलार्म होता, मेंटेनन्सवाल्याने काय केलं, किती मिनिटांनी चालू झालं. शेवटचा रकाना कारणाचा. तो रिकामा राहिला तर चहाच्या सुट्टीत त्या दादाला विचार, "काय झालं होतं?" लोक सांगतात. आपल्या कामाबद्दल कोणी मनापासून विचारलं की माणसाला बरं वाटतं. पॅनेल मात्र उघडायचं नाही, तुला तशी परवानगी नाही. कंपनीत फोटो काढायला बंदी असेल तर फोटोही नको, वही पुरे. दोन महिन्यांनी मेंटेनन्सच्या साहेबांपुढे ही वही ठेवलीस तर ते सर्टिफिकेटाच्या आधी ती उघडतील. निदान मी तरी तेच केलं असतं.

दुसरी गोष्ट, तुला वाटतं त्यापेक्षा जास्त तुला येतं. आयटीआयला मोटर थेट सुरू करणाऱ्या डीओएल स्टार्टरची जोडणी केली होतीस ना? हिरवं बटण एनओ, म्हणजे दाबल्यावर वाट जोडणारं, लाल बटण एनसी, म्हणजे दाबल्यावर वाट तोडणारं, कॉन्टॅक्टरचा होल्डिंग पॉइंट हिरव्या बटणाला समांतर. पीएलसीच्या लॅडरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत मांडलेल्या प्रोग्रॅममध्ये, हीच आकृती आडवी काढतात. मुलाखतीत मी हमखास एक प्रश्न विचारायचो : स्टॉपचं बटण एनसी जोडलंय, तर लॅडरमध्ये त्याचा कॉन्टॅक्ट कसा काढशील? क्लास करून आलेली दहातली सात-आठ मुलं म्हणायची, "एनसी." तसं काढलं तर मोटर सुरूच होणार नाही. बटण कोणी दाबलेलं नसताना त्यातून २४ व्होल्ट पीएलसीच्या इनपुटपर्यंत पोहोचतात, इनपुटचा दिवा लागलेला असतो, म्हणजे आत '१' आहे. एनओ कॉन्टॅक्ट त्या '१'ला वाट देतो. बटण दाबलं की दिवा जातो, वाट तुटते, मोटर थांबते. मग बटण एनओच जोडलं तर काय बिघडलं? उंदराने वायर कुरतडली तर. एनओ असेल तर स्टॉप दाबला तरी मशीन थांबणार नाही आणि ते कळेल अपघात झाल्यावर. एनसी असेल तर वायर तुटताक्षणी मशीन आपोआप थांबतं. हे एवढं कागदावर स्वतः काढून बघ, दिव्यांची स्थिती शेजारी लिही आणि घरातल्या कोणालातरी समजावून सांग.

आता अभ्यासाचं साहित्य. इंग्रजीची भीती घेऊन बसली आहेस, पण सुरुवात मराठीतून होऊ शकते. चेन्नईला निमी नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, १९८६ पासून ती आयटीआयची पुस्तकं तयार करते. वीजतंत्री ट्रेडची थिअरी आणि प्रॅक्टिकलची पुस्तकं मराठीतही आहेत. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक परत काढ. त्यात कंट्रोल पॅनेलची जोडणी आणि एसी-डीसी ड्राइव्ह हे धडे आहेत. परीक्षेपुरते वाचले असशील, आता वहीतल्या बिघाडांच्या जोडीने वाच. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं 'भारत स्किल्स' हे संकेतस्थळ मोबाईलवरही उघडतं. आयटीआयच्या ट्रेडचे अभ्यासक्रम आणि प्रश्नसंच तिथे मोफत आहेत. तिथून 'टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स' या ट्रेडचा अभ्यासक्रम उतरवून घे. सेन्सर, हवेवरची सर्किटं, पीएलसी, ड्राइव्ह हे कोणत्या क्रमाने शिकायचं ते त्यात नीट मांडलंय. ६८ हजारांच्या क्लासचं माहितीपत्रक त्याच्या शेजारी ठेव आणि कोणत्या विषयाला किती तास दिलेत ते ताडून बघ.

लॅपटॉप लागेल, पण आज नको. दोन महिने वही आणि मराठी पुस्तकं यांवर निघतील. त्यानंतर जुना, ८ जीबी रॅमचा, विंडोज असलेला लॅपटॉप ओळखीच्या दुकानातून घे. कर्ज काढायचंच तर या एवढ्या छोट्या रकमेचं काढ, ती वस्तू निदान हातात राहते. तोवर तुझ्या आयटीआयच्या सरांना फोन कर. सुट्टीच्या दिवशी संगणक कक्षात बसू द्याल का, असं माजी विद्यार्थिनीने विचारलं तर बहुतेक सर नाही म्हणत नाहीत. संगणकाची सवयच नसेल तर आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. छोट्या छोट्या पाठांतून सॉफ्टवेअर शिकवतात आणि त्यातल्या बऱ्याच मालिका मराठीत आहेत.

पीएलसीसाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. 'कोडेसिस' मोफत उतरवता येतं आणि पीएलसी नसताना संगणकावरच प्रोग्रॅम चालवून बघता येतो. डेल्टा कंपनीचं 'आयएसपीसॉफ्ट'ही मोफत आहे, त्यातही सिम्युलेटर आहे. आपल्याकडच्या छोट्या मशीनवर डेल्टाचे पीएलसी आणि ड्राइव्ह खूप दिसतात, म्हणून मी तिथून सुरुवात करायला सांगेन. सीमेन्सचं 'टीआयए पोर्टल' २१ दिवस चाचणीसाठी मिळतं, पण ते जड आहे, जुन्या लॅपटॉपवर अडकतं. ते शेवटी, आणि २१ दिवस सलग मोकळे असतील तेव्हाच घे. सीमेन्सने शिक्षकांसाठी तयार केलेले धडेही नेटवर मोफत आहेत, एकेक पायरी चित्रासकट. भाषा इंग्रजी, पण चित्रांवरून निभावतं.

एका इंग्रजी पुस्तकाचं नाव मात्र सांगतोच. अमेरिकेत टोनी कुफाल्ट नावाचे तंत्रशिक्षक आहेत. त्यांनी 'लेसन्स इन इंडस्ट्रियल इन्स्ट्रुमेंटेशन' हे हजारो पानांचं पुस्तक लिहिलं आणि कोणालाही फुकट वाचता यावं म्हणून नेटवर ठेवलं. सगळं वाचू नकोस. त्यातलं ४ ते २० मिलिअँपिअरचं प्रकरण काढ. टाकीची पातळी विजेच्या प्रवाहाने कळवणारा सेन्सर शून्याला शून्य का पाठवत नाही, ४ का पाठवतो, हे त्यात समजेल. शून्य आलं तर वायर तुटलीय, ४ आलं तर टाकी खरोखर रिकामी आहे. मल्टीमीटरवर १२ दिसले तर टाकी बरोबर अर्धी. तुझ्या पॅकिंगच्या मशीनवर कदाचित हे नसेल, पण केमिकल, औषधं, दूध, साखर अशा कुठल्याही कारखान्यात गेलीस की पहिल्या दिवशी भेटेल.

अशी पुस्तकं आणि धडे अमेरिकेतून इतके का येतात याचं एक कारण आहे. तिथे १९९२ साली तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी वेगळा कायदा झाला. पदवीच्या कॉलेजांना नाही, तर दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांना पुढे करून सरकारने पैसा दिला, आणि त्यातून शिक्षकांनी तयार केलेलं पुष्कळ साहित्य सगळ्यांना खुलं झालं. आपल्या आयटीआयच्या निदेशकांना असा वेळ आणि पैसा मिळाला तर मराठीत काय काय तयार होईल, असं मला नेहमी वाटतं. दर्जेदार शिकवणारे निदेशक मी पाहिलेत, त्यांचे धडे फळ्यावरच पुसले जातात.

इंग्रजीचं एवढंच कर. वहीच्या मागच्या बाजूने शब्द लिहीत जा, मशीनच्या स्क्रीनवर आणि ड्रॉइंगमध्ये जे दिसतात तेच : ट्रिप, फॉल्ट, ओव्हरलोड, इंटरलॉक, होम पोझिशन, अंडरव्होल्टेज. दोनशेच्या आसपास शब्दांत मेंटेनन्सचं बरंचसं इंग्रजी संपतं. ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये शेवटी-शेवटी बिघाडांचा तक्ता असतो, डावीकडे कोड, मग कारण, मग उपाय. रोज त्यातली एक ओळ वाच. तिथली वाक्यं चार-पाच शब्दांची असतात.

इथवर जे सांगितलं ते डोक्यासाठी. हाताला सवय लागते ती अ‍ॅप्रेंटिसशिपमध्ये, आणि तुझ्या पत्रातली खरी हुकलेली गोष्ट तीच आहे. गरज होती म्हणून सोडलीस, त्यात तुझी चूक नाही. पण ती अजून करता येते. केंद्राच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदव. वीजतंत्री पास झालेल्यांना एक वर्ष लागतं, शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. ओझरच्या एचएएलमध्ये आणि महावितरणमध्ये आयटीआयवाल्यांची शिकाऊ भरती निघत असते, त्यावर लक्ष ठेव. खासगीत अर्ज करताना एक गोष्ट आधीच विचारून घे : काम मेंटेनन्समध्ये देणार की प्रॉडक्शनच्या लाइनवर? शिकाऊ म्हणून घेऊन वर्षभर पॅकिंग करून घेणाऱ्या जागा आहेत. तसं दिसलं तर ती जागा सोड आणि पुढची बघ. विद्यावेतन तुझ्या आत्ताच्या साडेबारा हजारांपेक्षा कमी भरू शकतं, हे घरी स्पष्ट सांग. आईला म्हण, ६८ हजारांचं कर्ज फेडण्यापेक्षा वर्षभर महिन्याला थोडं कमी आलं तर चालेल का? हिशेब कागदावर मांडा, दोघी मिळून. जमणारच नसेल तर आहे तिथेच वही घेऊन मेंटेनन्सच्या साहेबांना भेट आणि रविवारच्या देखभालीला मदतनीस म्हणून बोलवा, असं सांग. सुट्टीच्या दिवशी लाइन बंद असते, पॅनेल उघडी असतात आणि शिकवणाऱ्याला वेळ असतो.

त्यापुढचं दार डिप्लोमाचं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना आपल्या राज्यात पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ही वाट चांगली आहे, फक्त गणित सांभाळ. पहिल्या वर्षाचं गणित तुम्ही केलेलं नसतं आणि तिथेच आयटीआयची बरीच मुलं अडखळतात. ते वर्षभर आधी सुरू कर. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची. तिथे सीएनसी आणि ऑटोमेशनचे छोटे कोर्सही चालतात, यंत्रं खरी आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्था आहेत, यांपैकी तुला लागू असेल त्या संस्थेकडे विचार, त्यांच्याकडून अशा प्रशिक्षणाची फी भरली जाते का आणि सध्या कोणती जाहिरात आहे. फोन करायला लाजू नकोस.

क्लासबद्दल सांगतो म्हणालो होतो. वही भरली, सिम्युलेटरवर मोटरचा स्टार-डेल्टा स्टार्टर आणि कन्व्हेअर स्वतः चालवला, आणि आता खऱ्या पीएलसीला वायर लावायचीच आहे असं वाटलं, की थोड्या दिवसांचा, थोड्या फीचा प्रॅक्टिकलचा कोर्स कर. तेव्हा पैसे वसूल होतील, कारण काय विचारायचं ते तुला माहीत असेल. जाशील तिथे एक पूर्ण दिवस बसू द्या म्हण. एका किटवर किती मुलं बसतात ते मोज, दोनपेक्षा जास्त असतील तर तुझ्या हाताला काही येणार नाही. गेल्या बॅचच्या चार मुलींचे नंबर माग, मुलींचेच, आणि त्या आज नेमकं काय काम करतात ते त्यांनाच विचार. 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे पावतीवर लिहून द्याल का आणि नोकरी नाही लागली तर किती फी परत, हेही विचार. ज्यांचं खरं काम आहे ते या प्रश्नांना रागावत नाहीत. असे चांगले शिकवणारे नाशकात आणि पुण्यात आहेत.

उद्या मेंटेनन्समध्ये गेलीस की माझं एक ऐक. ड्राइव्हची वीज बंद केली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ती काही मिनिटं राहते. झाकणावर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचं आणि मग मल्टीमीटर लावून बघायचं. मेन स्विचला आपलं कुलूप आपल्या हाताने लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात. कोणी "एवढं काय, दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणालं तरी. मी एका चांगल्या माणसाचा हात त्या दोन मिनिटांत भाजलेला पाहिलाय.

बचत गटाची पुढची बैठक होण्याआधी हे उत्तर आईला वाचून दाखव. आणि महिन्याभराने वहीतल्या पहिल्या दहा नोंदी मला पाठव. कारणाच्या रकान्यात तू काय लिहितेस ते मला बघायचंय.